गोपाळ, मी पाहिलं नव्हतं

गोपाळ,

तू गेलास त्याच आठवड्यात, तुझ्या फोटोखाली काय लिहायचं, असं मंगलावहिनींनी मला विचारलं. "भाऊजी, तुम्ही ह्यांचे सगळ्यात जुने दोस्त. तुम्हीच सांगा." मी कागद घेऊन बसलो आणि मला एक ओळही सुचली नाही. शेवटी तुझ्या आश्रमशाळेतल्या मराठीच्या बाईंनी दोन ओळी लिहून दिल्या. आदर्श शिक्षक, कुशल प्रशिक्षक वगैरे. चांगल्याच आहेत. पण तू त्या वाचून मागे वळून बघितलं असतंस आणि म्हणाला असतास, "विल्या, हे कोणाबद्दल हाय?"

मला सुचलं नाही याचं कारण वहिनींना सांगता आलं नाही. तुझ्याबद्दल काहीही लिहायला बसलो की हात एकाच दिवसावर जातो. फुटबॉल लीगच्या शेवटच्या सामन्याच्या दिवसावर. तो दिवस ओलांडून मला पुढे जाता येत नाही, मागेही जाता येत नाही.

तरी मागे जातो. आपण शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात होतो तेव्हा तू पेठहून एसटीने आलास. एका हातात पत्र्याची ट्रंक आणि दुसऱ्या हातात नागलीच्या पिठाची पिशवी. होस्टेलच्या खोलीत मी आधीच खिडकीजवळची कॉट धरली होती. तू दारामागची घेतलीस. संध्याकाळी स्टोव्हवर भाकरी थापलीस, अर्धी माझ्या ताटात टाकलीस आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणालास, "इथून मैदान दिसतं काय? मंग मला रोज तुझ्याच कॉटवर बसावं लागंल." तीन वर्षं तू माझ्याच कॉटवर बसलास.

मी खेळायला बरा नव्हतो हे तूच मला सांगितलंस. बाकीचे पाठीमागे हसायचे. तू मात्र पांडवलेणीच्या पायऱ्यांवर, धापा टाकत बसलो असताना, सरळ म्हणालास, "तुझ्या पायात काय नाय. पण तुला पुढं काय होणार ते आधी कळतं. तू पंच हो." मला राग आला होता. आठ दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. मग पंचांच्या परीक्षेचा फॉर्म भरला. आज पंचवीस वर्षं कचेरीतली कारकुनी सोमवार ते शुक्रवार आणि शिट्टी शनिवार-रविवार, असं माझं आयुष्य चाललंय. त्यातलं जे चांगलं आहे ते शनिवार-रविवारचं आहे, आणि ते तुझ्यामुळे आहे. हे मी तुला कधी म्हटलं नाही. आपल्यात असं कुणी म्हणतं का?

आपण भांडलो मात्र पुष्कळ. डोंगरातली आश्रमशाळा सोडून नाशिकला बदली करून घे, असं मी दर दिवाळीला सांगायचो. तुझं दर दिवाळीला एकच उत्तर, "इथं पोरं पायाने चिखल तुडवून आलेली असतात, विल्या. त्यांना पळायला शिकवावं लागत नाय. शहरात मी काय करू? पळा म्हणून ओरडू?" मी म्हणायचो, पोरं पळतात पण चेंडू पास करत नाहीत. सगळ्यांना एकट्याने गोल मारायचा असतो. तू म्हणायचास, ते येईल. पुढच्या वर्षी बघ. हा वाद संपलेला नाही. तू जिंकत आला होतास हे मात्र मान्य करतो, कारण त्या वर्षी तुझी पोरं खरंच पास करत होती.

ते वर्ष आठवतं ना? डोंगरातला एक संघ, तुझ्या शाळेतून शिकून गेलेल्या पोरांचा, जिल्ह्याच्या लीगमध्ये सामन्यामागून सामने काढत होता आणि शहरातल्या क्लबांना कळत नव्हतं की ही पोरं आली कुठून. जीपमधून यायची, सावळघाट उतरून. अर्ध्यांना गाडी लागलेली असायची. मैदानाच्या कडेला बसून लिंबू चोखायची आणि मग नव्वद मिनिटं थांबायची नाहीत. सगळ्यांत पुढे रामदास. तेवीस-चोवीस वर्षांचा, लग्न झालेला, हिवाळ्यात पिंपळगावकडे द्राक्षबागांच्या कामाला जाणारा आणि तरी दर रविवारी सामन्याला हजर होणारा. उंची बेताची, पण हवेत गेला की खाली यायचंच विसरायचा. तू त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायचास, नजर लागेल म्हणून.

शेवटचा सामना शहरातल्या क्लबाशी होता. ते एका गुणाने पुढे होते. त्यांना बरोबरी पुरत होती, तुम्हाला जिंकायलाच हवं होतं. जो लीग जिंकेल तो कोल्हापूरला खेळायला जाणार होता. कोल्हापूर हे नाव तुझी पोरं देवस्थानाचं घ्यावं तसं घ्यायची. तिथे म्हणे फुटबॉल बघायला माणसं झाडावर चढतात.

त्या सामन्याला पंच म्हणून माझं नाव आलं. मी आयोजकांना सांगितलं की गोपाळ माझा मित्र आहे, दुसरा कुणी बघा. दुसरा कुणी नव्हता. त्यांनी दोन्ही संघांना विचारलं. शहरातल्यांनी हरकत घेतली नाही. तू तर म्हणालास, "विल्या असंल तर मला डोळे मिटून चालंल."

हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

सत्त्याऐंशीवं मिनिट. शून्य-शून्य. तुम्हाला कॉर्नर मिळाला. गोलसमोर पंधरा-सोळा माणसांची गर्दी. चेंडू वर आला, आणि त्याच क्षणी त्यांच्या एका बचावपटूने तुझ्या एका पोराचा शर्ट मागून ओढलेला मला दिसला. मी त्या हाताकडे पाहिलं. पेनल्टी द्यावी का, एवढाच विचार होता. तेवढ्यात आडव्या बारवर चेंडू आपटल्याचा आवाज आला. मान वळवली तर समोर एक रुंद पाठ होती. पाठ बाजूला झाली तेव्हा चेंडू त्यांच्या गोलकीपरच्या छातीशी होता आणि तो पोटावर पडलेला होता. रामदास दोन्ही हात वर करून ओरडत होता, "आत! आत!"

मी लाइन्समनकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता. त्याचा झेंडा खाली होता. नंतर तो मला म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही बघितलं असेल."

आत गेल्याची खात्री नसेल तर गोल देता येत नाही. नियम तसा आहे. मी खेळ चालू ठेवायची खूण केली. यात माझी चूक नव्हती, गोपाळ. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की त्याची पोपटपंची झालीय. पण खरंच, इथपर्यंत माझी चूक नव्हती. नजर दुसरीकडे होती, पंचाची असते. दोन डोळे असतात, बावीस माणसं असतात.

चूक त्यानंतर झाली. शेवटची शिट्टी वाजली, शहरातली पोरं एकमेकांच्या अंगावर पडली आणि तुझी पोरं माझ्याभोवती गोळा झाली. कुणी मला हात लावला नाही, पण सगळे बोलत होते. तेवढ्यात तू आलास. "बाजूला व्हा" म्हणालास आणि ती बाजूला झाली. तू माझ्यासमोर उभा राहिलास. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला त्याचीच तर भीती वाटली.

"विल्या, तू पाहिलंस?"

आणि मी म्हणालो, "पाहिलं. रेषेवरच होता. आत नव्हता."

का म्हणालो? अडीच वर्षं मी याचं उत्तर शोधतोय. सगळे बघत होते म्हणून. 'दिसलं नाही' म्हटलं असतं तर पुढे मला कुणी शिट्टी दिली नसती म्हणून. पण खरं कारण बहुतेक याहून लहान आहे. तू विश्वासाने विचारलं होतंस आणि मला तुझ्यासमोर आंधळा ठरायचं नव्हतं. तोंडातून शब्द गेले. परत घेता येतात हे त्या क्षणी सुचलंच नाही.

तू मान हलवलीस. वळलास. पोरांना म्हणालास, "ऐकलं? पंचाने पाहिलंय. विषय संपला. जा, हात मिळवा त्यांच्याशी."

रामदास जागचा हलला नाही. "सर, आत होता. माझ्या डोळ्यासमोर होता. इतका आत होता." त्याने दोन हातांनी माप दाखवलं.

"रामदास, खोटं बोलू नको."

"खोटं नाय सर."

"हरलो तर हरलो म्हणावं. खोटं बोलून जिंकायचं मी तुम्हाला शिकवलं नाय."

सगळ्यांसमोर. शहरातल्या पोरांसमोर, त्यांच्या आईबापांसमोर. रामदास तुझ्याकडे पाहत राहिला. मग खाली बसला, बूट काढले, नाड्यांची गाठ मारून तुझ्या पायाशी ठेवले आणि अनवाणी जीपकडे गेला. मी तिथेच उभा होतो. तुम्हा दोघांपासून चार हातांवर. शिट्टी अजून माझ्या मुठीत होती.

रामदास परत खेळला नाही. कुणीतरी मोबाईलवर शूटिंग केलं होतं, त्यात फक्त पाठी दिसत होत्या. गावात त्याला चिडवायचे, 'आत, आत' म्हणून. तो बायकोला घेऊन बागांकडे गेला तो वर्षातले आठ महिने तिकडेच राहू लागला. हे मला तूच सांगितलंस. पंचवटीत मिसळ खाताना तू पाव मोडत म्हणालास, "त्या पोराला मी जरा जास्तच बोललो काय रे? पण खोटं ते खोटं. एकदा येऊन म्हणाला ना, की सर, नव्हता आत, तर मी त्याला दुसऱ्या दिवशी कॅप्टन करीन."

मी रस्सा मागवला. तेव्हा बोलता आलं असतं. टेबलावर आपण दोघंच होतो.

आणि मग तू बाहेर माझं कौतुक करत सुटलास. जिथे जाशील तिथे. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात, अनोळखी माणसांना, "हा माझा दोस्त. लीगचा शेवटचा सामना होता, माझी टीम होती, तरी ह्याने जे पाहिलं तेच दिलं." लोक माझ्याकडे आदराने बघायचे. मी ताटातल्या जिलबीकडे बघायचो. तू मला मोठा करत गेलास आणि मी तुझ्या खांद्यावर बसून तुझाच गळा आवळत गेलो.

मागच्या पावसाळ्याअखेरीस तुझे डोळे पिवळे झाले. आधी तू वैदूचं औषध घेतलंस. मग पेठच्या दवाखान्यात काविळीच्या गोळ्या. मी तुला ओढून नाशिकला आणलं तोवर स्वादुपिंडाचा आजार यकृतापर्यंत गेला होता. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. वहिनींना कसं सांगायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

तू आमच्याकडे सहा आठवडे राहिलास. सुनीता तुझ्यासाठी नागलीची आंबील करायची. दोन चमचे घ्यायचास आणि तिला म्हणायचास, "वहिनी, तुम्ही पेठला सून म्हणून आला असता तर आम्हाला आवडलं असतं." मी रिपोर्ट आणायचो, रिक्षा आणायचो, रांगेत उभा राहायचो, रक्तदाते शोधायचो. माणूस जेव्हा काहीच करू शकत नाही तेव्हा किती कामं करतो! तुझं अंग दिवसेंदिवस हलकं होत होतं. एकदा तुला बाथरूममधून उचलून आणलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की हाच तो माणूस, जो मला पाठीवर घेऊन पांडवलेणी चढला होता, पैज लावून.

तुला सांगायचं मी दोनदा ठरवलं. एकदा गॅलरीत तू उन्हाला बसला होतास. मी म्हणालो, "गोपाळ, त्या सामन्यात…" तू लगेच म्हणालास, "तो बार आपण वर लावायला पाहिजे होता रे. एक इंच!" आणि हसलास, आणि हसताना तुला कळ आली. कळ गेल्यावर मी गोळी दिली. दुसऱ्यांदा तू झोपलेला होतास. झोपलेल्या माणसाला सांगणं हे सांगणं नव्हे, एवढी लाज माझ्यात शिल्लक होती.

मग तू म्हणालास, "रामदासला फोन लाव. म्हणावं, सरांना बघायचंय."

तो दुसऱ्याच दिवशी आला. तू तेव्हा पुन्हा हॉस्पिटलमध्ये होतास. दुपारची भेटायची वेळ होती. हातांना द्राक्षांच्या औषधाचा वास, शर्टाच्या बाह्या खाली केलेल्या. दारात चपला काढून तो तुझ्या पायांशी उभा राहिला. तू हाताने जवळ बोलावलंस. तो खुर्चीवर बसेना, म्हणून तू त्याचा हात धरून ओढलास. ओढायची ताकद नव्हती तुझ्यात. तोच खाली वाकला.

"बारीक झालास," तू म्हणालास.

"तुम्ही पण, सर."

तू हसलास. मग त्याचा हात तसाच धरून म्हणालास, "आता तरी खरं बोल, लेका. माझ्या मनात राहायला नको. आत नव्हता ना?"

मी खिडकीशी उभा होतो. रामदासने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. तो वाट बघत होता, गोपाळ. मी बोलेन म्हणून त्याने मला वेळ दिला. त्या खोलीत सलाइनचे थेंब पडताना दिसत होते. माझ्या तोंडात जीभ होती, समोर तू होतास, शुद्धीवर होतास. आणि मी काही बोललो नाही.

रामदासने परत तुझ्याकडे पाहिलं.

"नव्हता, सर," तो म्हणाला. "मीच खोटं बोललो."

तुझा चेहरा सैल झाला. "शाब्बास," म्हणालास. "बघ, किती सोपं होतं." त्याच्या डोक्यावर हात ठेवलास. तो रडत होता. तुला वाटलं पश्चात्तापाने.

चौथ्या दिवशी सकाळी तू गेलास. सगळे म्हणतात, शांतपणे गेला. खरं आहे. तुझी ती शांती कुणाच्या खिशातून आली हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

तुझ्या दिवसांच्या जेवणाला मी घाट चढून आलो. अंगणात मांडव घातला होता. तुझी सगळी पोरं आली होती, आता कुणी शिपाई, कुणी ड्रायव्हर, कुणाच्या कडेवर लेकरू. एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलत होता. मला बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो. रामदास मागच्या बाजूला पत्रावळ्या पुसत बसला होता.

मी सांगितलं. सगळं. शर्ट ओढणाऱ्या हातापासून हॉस्पिटलच्या खिडकीपर्यंत. "मी काही पाहिलं नव्हतं. पाहिलं असं तुमच्या सरांना खोटं सांगितलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. रामदास खोटं बोलला नव्हता. सरांना बरं वाटावं म्हणून शेवटी एकदाच बोलला."

मंगलावहिनींनी पदर तोंडाला लावला होता. त्यांच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही. त्या उठून घरात गेल्या. त्यांनी मला क्षमा केली की नाही, मला माहीत नाही. त्या दिवसापासून फोन आलेला नाही, आणि मी करणार कुठल्या तोंडाने?

मग तुझ्या तेव्हाच्या गोलकीपरने विचारलं. आता तो एसटीत कंडक्टर आहे. साधा प्रश्न विचारला. "म्हणजे सर, गोल होता?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. अडीच वर्षांनी त्यांना वाटलं की आता मिळेल. कोल्हापूर नाही, कप नाही, निदान तो एक गोल. रामदासचे हात थांबले होते. मला 'होता' म्हणावंसं फार वाटलं, गोपाळ. त्यांच्यासाठी, तुझ्यासाठी. 'होता' म्हटलं असतं तर मांडवात कुणीतरी ओरडलंही असतं. पण तेही मी पाहिलेलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "खरंच माहीत नाही रे."

मांडवात कुणीतरी सुस्कारा सोडला. मी उभाच होतो, कारण बसायचं कसं ते कळत नव्हतं.

रामदास उठला. त्याने पत्रावळ्यांचा गठ्ठा उचलला आणि पंगतीच्या टोकापासून एकेक मांडायला लागला. माझ्यापाशी आला तेव्हा थांबला, एक पत्रावळ माझ्यासमोर ठेवली.

"मला माहीत हाय," तो म्हणाला. "बसा सर. जेवून घ्या."